उत्तरार्धाचं उद्घाटन

मी खाली हॉलमध्ये आले तेव्हा फ्लेक्स लावून झाला होता. लाकडी चौकटीवर ताणलेला, भिंतीत स्क्रू मारून पक्का बसवलेला, भिंतभर. मधोमध पाहुण्यांचा चेहरा, जवळजवळ माझ्या उंचीचा. दोन्ही बाजूंना अध्यक्ष आणि कार्यवाह, जरा लहान. खाली कार्यकारी मंडळाचे बाकीचे सभासद पासपोर्ट साइझमध्ये. वर सोनेरी अक्षरं: 'बालचित्रपट उपक्रमाचा भव्य उद्घाटन सोहळा'.

"कसा वाटतो?" भालेराव सरांनी विचारलं. ते आमच्या वाचनालयाचे कार्यवाह, म्हणजे सेक्रेटरी. मी तिथली ग्रंथपाल. निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही समोरच्याला बाकावर उभं करायच्या तयारीतच बोलतात.

"सर, सिनेमा कुठे दाखवायचा?"

"म्हणजे?"

"ही पडद्याची भिंत आहे. आपल्याकडे वेगळा पडदा नाही. दोन वर्षं मी याच भिंतीवर दाखवतेय."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग बाजूच्या भिंतीवर दाखवा."

"तिकडे खिडक्या आहेत."

"मागच्या?"

"तिकडे कपाटं आहेत, सर. फ्लेक्स तासाभरासाठी खाली उतरवला तर?"

"पाहुण्यांचा फोटो? पाहुणे समोर बसलेले असताना भिंतीवरून उतरवायचा?" त्यांचा आवाज खाली गेला. घरात कोणी गेलं असताना बोलतात तसा. "मॅडम, काहीतरीच काय! बरं दिसतं का ते?"

ज्यांना वाचनालयं आतून माहीत नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. सार्वजनिक वाचनालय कार्यकारी मंडळ चालवतं. मंडळ निवडून येतं. ग्रंथपाल निवडून येत नाही, तो नोकर असतो. पुस्तकं कुठली घ्यायची, कुठे लावायची, हे ग्रंथपालाला कळतं असं सगळे मानतात. भिंतीवर काय लावायचं, हे मात्र मंडळाला कळतं. माझी आयुष्यातली निम्मी भांडणं या भिंतींवरून झाली आहेत.

आमचं वाचनालय पंचवटीच्या बाजूला आहे. देणगीदार भरपूर, आणि देणगी दिली की नाव हवं. खुर्च्यांच्या पाठींवर नावं आहेत. पाण्याच्या टाकीवर आहे. भिंतीवरचं घड्याळ कोणाच्या स्मरणार्थ आहे ते त्यावर लिहिलेलं आहे आणि ते बंद आहे. हॉलमधले सहाही पंखे आजच्या पाहुण्यांनी वडिलांच्या नावाने दिलेले. नाव पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात रंगवलेलं. पंखा फिरला की नाव वाचता येत नाही. म्हणून ते आले की पंखे बंद ठेवायचे, ही आमच्याकडची रीत. लेखी कुठेही नाही, पण शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे पाळतात.

उद्घाटन कशाचं होतं, तेही सांगायला हवं. दोन वर्षं चालू असलेल्या गोष्टीचं.

बालविभागातली पुस्तकं कोणी नेत नाही म्हणून मी शनिवारी सकाळी मुलांना सिनेमा दाखवायला सुरुवात केली. एक जुना प्रोजेक्टर, एक स्पीकर, एक सतरंजी. युक्ती एवढीच, की सिनेमा अर्धाच दाखवायचा. मुलगी विहिरीत पडली, की बंद. चोर खोलीत शिरला, की बंद. मुलं ओरडायची. मग मी दिवे लावायची, आणि समोर टेबलावर पुस्तकं मांडलेली असायची. विहिरीची, चोरांची, जंगलाची. "पुढच्या शनिवारी उरलेला. तोवर हे न्या." चिडलेलं मूल पुस्तक पटकन उचलतं, हा माझा अनुभव आहे. पूजा सांगणाऱ्या घरांतली मुलं आणि मळ्यातली मुलं एकाच सतरंजीवर बसून एकाच वेळी माझ्यावर चिडायची. मला फार बरं वाटायचं.

ही युक्ती माझी नाही, गरजेची आहे. मी सायखेड्याची. यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. घरून तिकीट एकाचंच मिळायचं आणि आम्ही दोघं, दादा आणि मी. मध्यंतराला बाहेर येणाऱ्याच्या हातात अर्धं फाटलेलं तिकीट असायचं. दादा ते माझ्या हातात द्यायचा आणि मी आत जायची. त्याने पूर्वार्ध पाहिलेला, मी उत्तरार्ध. घरी चालत जाताना तो मला सुरुवात सांगायचा, मी त्याला शेवट. दादाच्या प्रत्येक पूर्वार्धात एक वाघ असायचा. माझ्या उत्तरार्धात तो कधीच नसायचा. मग तो वाघ मधल्यामध्ये कुठे गेला, यावर आमची घरापर्यंत मारामारी. दादा ढळढळीत खोटं बोलायचा, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण तोवर मला वाचायची सवय लागली होती. पुस्तकात निदान वाघ सुरुवातीला असला तर त्याचं पुढे काहीतरी होतं.

तर दोन वर्षांनी मंडळाच्या लक्षात आलं की शनिवारी हॉलमध्ये पोरं जमतात. कोणीतरी फोटो काढला. कोणीतरी तो ग्रुपवर टाकला. बैठकीत विषय निघाला: "याचं रीतसर उद्घाटनच झालेलं नाही!" जणू एखादं मूल दोन वर्षं बारशाशिवाय हिंडत होतं.

मी म्हटलं, "करा. पण ह्या शनिवारी नको. ह्या शनिवारी उत्तरार्ध आहे."

"मग चांगलंच की," भालेराव सर म्हणाले. "पाहुण्यांना फार वेळ नसतो. अर्धाच बरा."

आधीच्या शनिवारी मी हत्तीच्या पिल्लाचा सिनेमा लावला होता. पिल्लू पुरात वाहून जातं. एक मुलगी नदीकाठाने त्याच्यामागे धावत सुटते. पिल्लाची सोंड तेवढी पाण्यावर दिसते. तिथे मी बंद केला. नेहमीचा आरडाओरडा झाला. सगळे पांगले, तरी मनीषा उठली नाही.

मनीषा पेठकडची. आईवडील मखमलाबादच्या बाजूला एका गुलाबाच्या नर्सरीत कामाला. दिवाळीनंतर इकडे येतात, पावसाच्या तोंडावर भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गावी जातात. चौथीत असेल. गेले तीन-चार महिने शनिवारी सगळ्यांच्या आधी यायची आणि पुढे बसायची. पुस्तक न्यायची ते लहान भावांना वाचून दाखवायला. भावांना आवडलं नाही तर मला येऊन सांगायची, "हे पांचट हाय."

"मॅडम, ते पिल्लू वाचंल का?"

"पुढच्या शनिवारी कळेल."

"पुढच्या शनवारी आम्ही गावाला चाललो. बारा वाजता जीप हाय पेठ नाक्यावरून."

"सिनेमा दहाला सुरू होतो. अकराच्या आत संपेल. बघूनच जा."

तिने मान हलवली. विश्वासाने. माझ्या शब्दावर. म्हणून मी भालेराव सरांकडे तीनदा गेले. दहाला काय ते उद्घाटन उरका आणि लगेच सिनेमा लावू द्या, एवढंच मागणं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "मॅडम, दहा म्हणजे दहा."

दहा वाजता सतरंजीवर मुलं होती. पाहुणे नव्हते. पंखे बंद, कारण ते कधीही येऊ शकत होते. मे महिना संपत आलेला. मुलं वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होती. मी पंखे लावले. भालेराव सरांनी बंद केले. मी पुन्हा लावले. ते बटणाजवळ खुर्ची टाकून बसले.

साडेदहाला मी म्हटलं, "सर, पाहुणे येईपर्यंत सिनेमा सुरू करू? ते आले की थांबवू."

"उद्घाटनाच्या आधी कार्यक्रम? मग ते उद्घाटन कशाचं करणार?"

मी मुलांना पाणी वाटायला गेले.

पाहुणे अकरा वाजून गेल्यावर आले. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून खिडक्याही लावल्या. मग सत्कार. सत्कार म्हणजे एका माणसाने दुसऱ्याला शाल, नारळ आणि गुच्छ द्यायचा, आणि फोटो निघेपर्यंत दोघांनी एकमेकांकडे न बघता समोर बघत राहायचं. पाहुण्यांचा अध्यक्षांनी केला. अध्यक्षांचा पाहुण्यांनी केला. कार्यवाहांचा अध्यक्षांनी केला. पासपोर्ट साइझवाल्यांचा कार्यवाहांनी केला. पाहुण्यांच्या ड्रायव्हरला पण एक गुच्छ गेला, तो चुकून की मुद्दाम ते कळलं नाही. मे महिन्यात, बंद पंख्याखाली, लोकरीच्या शाली. प्रास्ताविकात भालेराव सरांनी वाचनसंस्कृतीचा ऱ्हास सांगितला. समोर बसलेल्या मुलांच्या हातात पुस्तकं होती. ती परत करायला आणलेली होती. सरांना ती दिसली नाहीत, त्यांचं लक्ष ऱ्हासाकडे होतं.

पुढच्या रांगेत मनीषा बसली होती. नवा फ्रॉक, डोक्याला तेल, मांडीवर पुस्तक. तिचं लक्ष फ्लेक्सकडे होतं. मधल्या मोठ्या चेहऱ्याकडे ती अशी बघत होती, जणू तो आता हलेल.

पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा तिचे वडील दारात आले. हातात बोचकं, खांद्यावर धाकटा. आत यायला संकोचत होते. मी उठून गेले.

"मॅडम, टाइम झाला. पोरीला न्यायला आलो."

"थोडं थांबता येईल का? आता सुरूच होतंय."

"पंधरा मिनिटं थांबतो," ते म्हणाले. "जीप भरली का निघते. मंग उंद्यापर्यंत नाय. घरचे नाक्यावर बसलेत सामान धरून."

मी स्टेजच्या कडेने भालेराव सरांपाशी गेले आणि कानात सांगितलं. एक मुलगी आहे, तिला जायचंय, शेवटचा भाग तेवढा आधी लावू, भाषण मग.

"पाहुण्यांना खाली बसवायचं?"

"पंधरा मिनिटं. त्यांनाही आवडेल."

"एका मुलीसाठी?"

"हो."

"मॅडम, सिनेमे मोबाइलवर असतात हल्ली. बघेल ती."

मनीषाच्या वडिलांच्या खिशात बटणांचा फोन होता, तो मी पाहिला होता. पण कानात कुजबुजताना एवढं सगळं सांगता येत नाही. शिवाय सर आता टाळ्या वाजवत होते.

आणि पाहुणे कशावर बोलत होते? बालपणीच्या सिनेमांवर. माणूस वाईट नव्हता. मनापासून बोलत होता. गावात तंबू कसा यायचा, ते कनातीखालून कसे आत शिरायचे, जमिनीवर बसून कसा बघायचे, एकदा मारही खाल्ला. "ती मजा आजच्या मुलांना नाही," ते म्हणाले. "आजच्या मुलांना सिनेमाची ओढच नाही!" आजची मुलं त्यांच्या पायांशी बसून दीड तास सिनेमाची वाट बघत होती. घामाने फ्रॉक पाठीला चिकटलेले. एकाला झोप लागली होती. पाहुणे दुसऱ्या सिनेमाकडे वळले. मग तिसऱ्या.

वडिलांनी दारातून हात केला. मनीषाने पाहिला. ती भिंतीकडे बघत थोडा वेळ तशीच बसली. मग उठली, फ्रॉक झटकला आणि वाकून, स्टेजसमोरून जाताना मोठी माणसं वाकतात तशी, बाहेर आली.

पायऱ्यांवर मी तिला गाठलं. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं.

"हे चांगलं व्हतं."

"राहू दे तुझ्याकडे. गावी वाच."

"नको. तिकडं भिजंल."

"मनीषा, पिल्लाचं काय होतं, सांगू तुला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीतरी चोरायला निघाले होते.

"नको. मी आल्यावर बघंन."

वडील म्हणाले, "चल गं." ती गेली. कोपऱ्यावर धाकट्याला तिने स्वतःच्या कडेवर घेतलं. आतून टाळ्या ऐकू आल्या. चौथा सिनेमा.

मी आत गेले. खरं तर मी चिडले की गप्प होते. घरी सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी तसं झालं नाही. मी हॉलच्या मध्ये उभी राहिले आणि हात वर केला, शाळेतल्यासारखा.

पाहुणे थांबले. "बोला, मॅडम."

"साहेब, एक विचारू? तुमच्या त्या तंबूत सिनेमा सुरू होण्याआधी किती भाषणं झाली होती?"

भालेराव सर अर्धे उठले आणि तसेच राहिले. मग सतरंजीवरून एक पोर हसलं, आणि पाठोपाठ सगळी.

पाहुणे खरंच विचारात पडले. "एकही नाही," ते म्हणाले. माइक बाजूला करून म्हणाले, "बसतो मी. लावा सिनेमा." मुलांनी त्या दिवशीच्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाजवल्या.

फ्लेक्स उतरवायला मात्र कोणी हात लावला नाही. पाहुण्यांचा चेहरा पाहुण्यांदेखत उतरवण्याची हिंमत कोणाकडेही नव्हती, आणि स्क्रूड्रायव्हर नव्हता माझ्याकडे. सिनेमा त्याच्यावरच लावला. पूर पाहुण्यांच्या कपाळावरून वाहायला लागला. मुलगी अध्यक्षांच्या गालावरून धावली. पिल्लू गटांगळ्या खात कार्यवाहांपर्यंत आलं आणि सरांच्या डाव्या नाकपुडीतून त्याची सोंड बाहेर आली. मुलं लोळायला लागली. खरं तर तो सिनेमातला सगळ्यांत रडवणारा भाग आहे. पाहुणे पाचेक मिनिटं बसले, मग दुसऱ्या कार्यक्रमाला गेले. गाडीत बसताना मला म्हणाले, "बरं विचारलंत." ते टोमणा म्हणून म्हणाले की मनापासून, ते मला आजही सांगता येणार नाही. भालेराव सर प्रोजेक्टरपाशी आले. "थोडा सरकवता येईल का? निदान डोळ्यांवर येणार नाही असा?"

"नाही, सर."

पंखे मात्र मी लावले. मनीषाची जागा रिकामी होती. तिथे कोणी सरकून बसलं नाही.

सोमवारी टेबलावर 'कारणे दाखवा' नोटीस होती. ही काय असते, तर तुमची चूक आम्ही ठरवली आहे, कारण तेवढं तुम्ही सांगा. माझ्यावर आरोप होता मान्यवरांचा जाहीर अवमान. मी उत्तर लिहिलं: 'मान्यवरांना एक प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. उत्तर बरोबर होतं.' भालेराव सरांनी मला बोलावलं.

"हे उत्तर आहे?"

"हो."

"दिलगिरी कुठे आहे?"

"मला वाटलं ती तुमच्याकडून यायची आहे."

"कोणाला? त्या कामगाराच्या मुलीला?"

"हो, सर. तिलाच."

ते चष्मा पुसायला लागले. मुख्याध्यापक माणूस. अशा मुलींना त्यांनी आयुष्यभर शिकवलं होतं, आणि मला वाटतं वाईट शिकवलं नसेल. पण खुर्चीपुढे माइक आला की माणसाला सतरंजी दिसेनाशी होते. दिलगिरी कोणीच व्यक्त केली नाही. नोटीस फायलीत गेली. मंडळाने ठराव केला: बालचित्रपट उपक्रम महिन्यातून एकदा, प्रमुख पाहुण्यांच्या उपस्थितीत, हॉलमध्ये व्हावा. फ्लेक्स कायमचा ठेवावा. देणगीदारांना तो आवडला होता.

ठरावात 'हॉलमध्ये' असं लिहिलं होतं. बाकी इमारतीबद्दल काही नव्हतं.

वाचनालयात एक साठा खोली असते. रोज न लागणारी पुस्तकं तिथे उंच रॅकवर असतात आणि दोन रॅकमध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. आमच्या साठा खोलीत मधली वाट जरा रुंद आहे आणि तिच्या टोकाला एक पांढरी भिंत. मी प्रोजेक्टर तिथे नेला. मुलं वाटेत एकामागे एक बसतात, बसमधल्यासारखी. पुढच्याचं डोकं मध्ये आलं की मागचा त्याला ढकलतो. कंटाळलं की बाजूच्या रॅकमधून पुस्तक ओढतात. दर शनिवारी, अर्धा अर्धा. पुस्तकं पूर्वीपेक्षा जास्त जातात.

मंडळाला अर्थातच कळलं. भालेराव सर एकदा बघायला आले, शाल-नारळाची जागा शोधत. वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. आत एक टेबल जात नाही. दोन खुर्च्या शेजारी बसत नाहीत. समई ठेवली तर पुस्तकं पेटतील. "इथे कार्यक्रम कसा करणार?" ते म्हणाले.

"करता येत नाही, सर. तीच अडचण आहे."

दिवाळी झाली आणि एका शनिवारी मनीषा आली. उंच झाली होती. हॉलमध्ये डोकावली, तिथे चेहरे बघितले, मला शोधत साठा खोलीत आली. "लावा," म्हणाली. त्या दिवशी दुसराच सिनेमा ठरला होता. तो मी रद्द केला. बाकीच्या मुलांनी पिल्लू आधी पाहिलेलं होतं तरी बसली. पिल्लू वाचतं. मुलगी त्याला लाकडाच्या ओंडक्यावर चढवते. मनीषा शेवटपर्यंत हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "मला वाटलं मेलं असंल."

"इतके दिवस?"

"मंग काय."

माझा राग अजून गेलेला नाही, तो यासाठी. शालींच्या वाटपापायी एका मुलीच्या मनात ते पिल्लू पावसाळाभर पुरात होतं, आणि बहुधा मेलेलं होतं. मंडळात कोणालाच याचं काही वाटत नाही. फ्लेक्स अजून आहे.

मुलांसाठी कुठे काही सुरू करणारं कोणी हे वाचत असेल, तर माझा सल्ला एवढाच. पैसा, सामान, माणसं हे सगळं नंतर बघा. आधी टेप घेऊन खोली मोजा. व्यासपीठ मावत असेल, तर दुसरी खोली बघा.